उत्तर ध्रुवावरचा बर्फ वाढलाय म्हणतात, खरंय का? एका बर्फवाल्याची शंका

गोलाईचा बर्फवाला, लातूर
११ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. लातूरला माझा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी टाकला, त्यांच्यानंतर बावीस वर्षं मी बघतोय. पण शंका माझ्या बर्फाची नाही, उत्तर ध्रुवावरच्या बर्फाची आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या.

सध्या आमचा सीझन नाही. दसरा झाला, रसवंत्या झाकल्या, गोळेवाल्यांपैकी कुणी ऊसतोडीच्या टोळीत नाव घातलं तर कुणी फटाक्याच्या स्टॉलच्या मागं लागलं. लग्नातला मठ्ठा तुळशीनंतर. मासळीवाले तेवढे रोज येतात. प्लांट दिवसाआड चालतो आणि मालकाला मोबाईल बघायला बक्कळ टाइम. त्यात आमच्या जावईबापूंनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. '२०१२ च्या सप्टेंबरात उत्तर ध्रुवावर ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता. औंदा ४६ लाख उरला. तेरा वर्षांत बर्फ वाढला, आणि हे म्हणतात वितळतोय!' खाली हसणारे चार चेहरे.

मला वाटलं आकडे बनावट असतील. पुतणी बारावी सायन्सला आहे, तिला बघायला लावलं. ती म्हणाली, काका, आकडे बरोबर आहेत. आता आली का पंचाईत! आकडे खरे, तरी गोष्ट खोटी वाटायलीय, आणि खोटेपणा नेमका कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता येईना. जावयाला अर्धवट उत्तर देऊन भागत नाही, हे घरात जावई असणाऱ्यांना सांगायला नको.

माझ्या डोक्यात जे आलं ते लिहितो. चुकत असंल तर सांगा.

आमच्या धंद्यात बर्फ चौरस फुटानं कुणी घेत नाही, लादीवर घेतात. कारखाना ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत एक लांबरुंद टाकी असते, वर लाकडी फळ्यांची झाकणं. टाकीत मिठाचं पाणी, त्याला आम्ही ब्राईन म्हणतो. अमोनियाच्या कॉइलनं ते उणे दहापर्यंत गार करायचं आणि त्यात गोड्या पाण्याचे उंच पत्र्याचे डबे सोडायचे. मिठाचं पाणी गोठत नाही, डब्यातलं गोठतं. पहिल्या काही तासांतच डब्याच्या भिंतीला बोटभर बर्फ धरतो. नवीन पोरगा कामाला आला की झाकण उचलून बघतो आणि ओरडतो, "मालक, झाली लादी!" वरून तसंच दिसतं, सगळं पांढरं. टोचा मारला की आत पाणी. पुरी लादी व्हायला दोन दिवस जातात, कारण बर्फाची भिंत जाड होत जाईल तसा गारवा आत शिरायला वेळ लागतो. मे महिन्यात गिऱ्हाईक दारात उभं असलं की कच्ची लादी काढायचा मोह होतो. काढली तर मोंढ्यापर्यंत जाईस्तोवर तिचं खोकं होतं.

मेसेजातल्या त्या आकड्यांत मला नुसता वरून दिसणारा पांढरा पत्रा दिसला. जाडी कुठंय? ४६ लाख म्हणजे पुऱ्या लाद्या का कच्च्या?

दुसरी शंका मिठाची. माझ्या टाकीतलं खारं पाणी उणे दहाला गोठत नाही, मग समुद्र गोठतो कसा? आणि गोठलाच तर तो बर्फ खारा असणार. खाऱ्या बर्फाचा मला अनुभव आहे. गेल्या एप्रिलात एका डब्याच्या तळाला सुईएवढं भोक पडलं, माझ्या ध्यानात आलं नाही. ब्राईन आत शिरलं. लादी वरून ठीक दिसली, पण उचलायचा लोखंडी आकडा लावला तर भुसभुशीत, टोच्यानं फुटायच्या ऐवजी तिचा चुरा व्हायला लागला. तरीपण घाईत एका रसवंतीवर गेली. दुपारी तिथले मामा उरलेला तुकडा गोणपाटात बांधून माघारी घेऊन आले अन् म्हणाले, "बापू, उसाचा रस खारट कधी पिलास का? आज माझ्या गिऱ्हाइकाला पाजलास." त्या दिवसाचं बिल सोडलं. आणि इकडं ऐकतोय की ध्रुवाकडची माणसं समुद्रावरचा जुना बर्फ वितळवून पितात. हे कसं काय जमतं?

तिसरी. लादी सुटावी म्हणून आम्ही डबा साध्या पाण्याच्या हौदात बुडवतो. कधीमधी एखादी फुटकी लादी हौदातच तरंगत राहते आणि तिचं पाणी होऊन जातं. हौद कधी सांडला नाही. मग तरंगता बर्फ वितळून समुद्र चढतो कसा?

आणि शेवटची, पावसाची. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात मी प्लांट बंद ठेवला होता. माणसाला प्यायला पाणी नाही तिथं लाद्या कशाच्या करता. नऊ वर्षांनी, औंदा सप्टेंबरात, आमच्या मांजरा नदीचं पाणी लोकांच्या शेतात उभं होतं. कुणीतरी टीव्हीवर म्हणालं, याचाही ध्रुवाच्या बर्फाशी संबंध आहे. खरंय का ओढूनताणून?

सीनाकाठ, परंडा तालुका
११ ऑक्टोबर, रात्री

बर्फवाले, राग मानू नका, तुमची शंका वाचून हसूबी आलं अन् रडूबी.

साडेचार एकर सोयाबीन हुतं माझं. शेंगा भरल्याल्या, काढायला आठ दिवस ऱ्हायले हुते. सीना रातीतून आली. सोयाबीन गेलं ते गेलं, वरची माती पण घेऊन गेली. आता रानात मुरूम उघडा पडलाय, त्यात काय पेरता? विहीर गाळानं बुजली. दोन म्हशी वाचल्या त्या बापानं रातीच दावी कापली म्हणून. कडब्याची गंजी समद्या गावादेखत तरंगत गेली.

बघायला आले त्येंनी फोटो काढले अन् जाताना म्हणाले, हवामानबदल आहे, काय करणार. म्हंजी दोष कुणाचाच न्हाई. वढ्यात कुणी बांधकाम केलं, नदीचं पात्र कुणी उकरलं, ते इचारायचं न्हाई. समदं बर्फावर ढकलायचं अन् मोकळं व्हायचं. तर ज्येला म्हाईत असंल त्यानं सांगा, माझ्या रानात आलेल्या पाण्यात त्या ध्रुवाच्या बर्फाचा वाटा किती? जावयाला मागनं सांगितलं तरी चालंल.

भूगोलाचा मास्तर, नांदेड
१२ ऑक्टोबर

सीनाकाठ, तुमच्या प्रश्नाला मी हात घालत नाही. इथं परभणीच्या एक ताई असतात, हवामान हा त्यांचा विषय, त्या लिहितील. मी जावईबापूंपुरतं बोलतो.

मेसेजमधली चलाखी २०१२ या सालात आहे. उपग्रहातून ध्रुवीय बर्फाची सलग मोजणी सुरू झाली १९७८ च्या शेवटी. सूक्ष्मलहरींनी मोजतात, त्यामुळं ढग असोत की सहा महिन्यांची रात्र, मोजणी अडत नाही. या सगळ्या वर्षांत २०१२ चा सप्टेंबर हा सगळ्यात खालचा. त्या ऑगस्टमध्ये तिथं मोठं वादळ झालं, आधीच विरळ झालेला बर्फ फुटला. आता त्या सालाशी तुलना केली तर पुढचं प्रत्येक साल 'वाढलेलं'च दिसणार. लातूरचा पाऊस २०१५ च्या दुष्काळाशी ताडून बघा, मग 'मराठवाड्यात पाऊस वाढला' असा मेसेज मीही करून देतो.

सरासरी धरा. १९८१ ते २०१० या तीस वर्षांत सप्टेंबरात उरणारा बर्फ साधारण ६२ लाख चौरस किलोमीटर. आपला देश ३३ लाखांच्या आत-बाहेर. म्हणजे उन्हाळा संपताना तिथं जवळजवळ दोन भारत झाकतील एवढा बर्फ असायचा, २०१२ ला एक भारत उरला, यंदा त्याहून थोडा जास्त. आणि २००७ ते २०२५ हे जे लागोपाठचे एकोणीस सप्टेंबर आहेत, तेच सगळ्या नोंदींतले सर्वांत कमी बर्फाचे एकोणीस सप्टेंबर आहेत. त्यातला एकही जुन्या पातळीवर गेलेला नाही.

मेसेजवाल्यानं आणखी एक केलं. सप्टेंबर दाखवला, मार्च झाकला. हिवाळ्याअखेर, मार्चमध्ये, बर्फ सगळ्यात जास्त पसरतो. याच वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये तो १४३ लाखांवर थांबला. उपग्रहांच्या नोंदीत हिवाळ्याचा इतका कमी कळस कधीच नव्हता. एकाच सालाचे दोन आकडे. एक चालला, दुसरा चालला नाही.

आता तुमची लादी. बर्फवाले, तुम्ही जाडीवर बोट ठेवलंत ते अगदी बरोबर जागी. समुद्रातही तुमच्या डब्यासारखंच होतं, फक्त तिथं थंडी वरून येते. पातळ बर्फ भराभर जाड होतो, जाड बर्फ सावकाश. त्यामुळं उन्हाळ्यात कितीही बर्फ गेला तरी पुढच्या हिवाळ्यात उघडा समुद्र पटकन पांढरा होतो. २०१२ नंतर २०१३ ला घेर वाढला त्यात याचाही हात होता. पण एका हिवाळ्यात साधारण दीड-दोन मीटर जाडी येते. तीन-चार मीटरचा बर्फ व्हायला तो दोन-तीन उन्हाळे तगावा लागतो. १९८० च्या दशकात हिवाळ्याअखेरच्या बर्फातला जवळपास तिसरा हिस्सा चार वर्षांहून जुना होता. आता शंभरात पाचसुद्धा नाही. तुमच्या भाषेत, गोदामात पुऱ्या लाद्या संपल्यात, रोज कच्च्या काढून दारात लावायलेत.

जाडी मोजायची कशी, हे पुतणी विचारेल. पूर्वी पाणबुड्या बर्फाखालून जाताना वर ध्वनिलहरी सोडायच्या. आता उपग्रह बर्फाचा पाण्याच्या वर किती भाग आहे ते मोजतात, तरंगत्या बर्फाचा साधारण दहावा हिस्साच वर असतो, त्यावरून बाकीचा हिशेब. युरोपचा क्रायोसॅट-२ हे काम २०१० पासून करतोय.

मिठाचं सोपं आहे. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, तुमच्या टाकीत त्याच्या पाच-सहापट. म्हणून समुद्र उणे १.८ अंशालाच गोठतो. गोठताना पाणी मिठाला बाहेर ढकलतं, पण सगळं नाही. थोडं खारं पाणी बर्फातल्या बारीक कप्प्यांत अडकतं. तुमची भोकाची लादी ती हीच. नवा समुद्री बर्फ तसाच मऊ आणि खारट. वर्ष-दोन वर्षांत ते खारं पाणी खाली झिरपून जातं, बर्फ गोडा आणि टणक होतो. तिकडचे लोक पितात तो हा जुना बर्फ. तोच कमी होत चाललाय, म्हणजे नव्याची गोडी सोडा, जुन्याचीच गेली.

हौदाचंही तुमचं बरोबर. तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी म्हणावी तशी चढत नाही. पातळी चढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्यानं, आणि समुद्राचं पाणी तापून फुगल्यानं. एकट्या ग्रीनलंडवरचा बर्फ सगळा उतरला तर सगळे समुद्र सात मीटरच्या वर चढतील. ते काही उद्या होत नाही. पण तरंगत्या बर्फाचा संबंध तिथं येतो. बर्फावर ताजं हिम असेल तर ऊन शंभरातलं ८० च्या वर परत जातं. तोच समुद्र उघडा पडला की शंभरातलं ९० च्या वर पाण्यात मुरतं. त्या तापलेल्या पाण्यानं आणखी बर्फ जातो. १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा भाग बाकी पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलाय, त्याचं हे एक मोठं कारण.

गोलाईचा बर्फवाला, लातूर
१२ ऑक्टोबर

मास्तर, 'मार्च झाकला' हे वाक्य जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. अजून शांतता आहे.

ऊन मुरण्याचं आम्हाला ताडपत्रीनं शिकवलंय. औसा रोडच्या एका लग्नाला चाळीस लाद्या पाठवल्या होत्या, वर नेहमीची गोणपाटं आणि भुसा. ड्रायव्हर नवा, त्याला वाटलं धूळ बसंल, म्हणून वरून शेततळ्याचं काळं प्लास्टिक ओढलं. मांडवात पोचला तेव्हा टेम्पोच्या फाळक्यातून धार लागली होती. काळं तापलं, खालचं गोणपाट तापलं, लाद्या निम्म्या. समुद्राचं एवढं काळं प्लास्टिक कुणी ओढलं म्हणायचं?

सीनाकाठ, तुमचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत मी जावयाचं बाजूला ठेवतो.

डिझेल मिस्त्री, अंबाजोगाई
१२ ऑक्टोबर, रात्री

मी दुसऱ्या टोकाचा माणूस. अंटार्क्टिकाला आपलं 'भारती' केंद्र आहे, २०१२ ला सुरू झालेलं, तिथं जनरेटरवर एक हिवाळा काढलाय. शास्त्रज्ञ नाही, पाने-पकडवाला आहे. पण समुद्र गोठताना मी डोळ्यांनी बघितलाय, म्हणून लिहितो.

'भारती' अगदी किनाऱ्यावर आहे. 'मैत्री' हे आपलं दुसरं केंद्र आत, समुद्रापासून लांब, तिथल्यांना हे दिसत नाही. जानेवारीत आम्ही उतरलो तेव्हा समोर निळं पाणी, त्यात हिमनग. मार्च लागला आणि एका सकाळी समुद्रातून वाफ निघायला लागली, चुलीवर पाणी ठेवल्यासारखी. हवा उणे पंधरा-वीस, पाणी त्याच्या मानानं गरम, म्हणून वाफ. मग पाण्याची लाट जड झाली. सांगता येत नाही नीट. तूप थिजायला लागल्यावर वाटी हलवली तर कसं हलतं, तसा समुद्र हलायला लागला. आवाज बंद. दोन दिवसांनी त्या साईचे गोल चकते झाले, एकमेकांना घासून कडा वर आलेल्या, थेट भाकरीच्या काठासारख्या. हजारो भाकरी. नंतर एका वारं पडलेल्या रात्री सगळं एक झालं.

नव्या बर्फावर सकाळी पांढरी फुलं उगवतात, कापसाच्या बोंडाएवढी. वाफ थेट गोठून होतात. मी एक तोडून जिभेवर ठेवलं. बर्फवाले, तुमच्या मामाचा रस काहीच नाही, जहर खारट. खालून बाहेर ढकललेलं मीठ त्या फुलांत चढतं, हे मला नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

बर्फावरून गाडी न्यायच्या आधी ड्रिलनं भोकं पाडून जाडी मोजायची, हा नियम. वरून सगळा सारखाच पांढरा असतो. एका जागी मीटरभर, आणि पन्नास पावलांवर, एका हिमनगाच्या कडेला, ड्रिल लोणी कापल्यासारखं खाली गेलं. आम्ही ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं पाऊल पाऊल मोजत माघारी आलो. त्यानंतर मी वरून बघून बर्फाबद्दल मत देत नाही.

पण एक सांगतो मास्तर, जावई हुशार असतील तर आता दक्षिणेचा आकडा काढतील. २०१४ च्या सप्टेंबरात अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २०० लाख चौरस किलोमीटरच्या वर गेला होता, नोंदीतला सर्वांत जास्त. बरीच वर्षं तो हळूहळू वाढतच होता आणि तेव्हा अशाच मेसेजांचा पाऊस पडला होता. मग २०१६ पासून घसरला. २०२३ च्या फेब्रुवारीत १७.९ लाख, नोंदीतला सर्वांत कमी, आणि त्याच सालच्या हिवाळ्यात १७० लाखांच्याही खाली थांबला. उत्तरेला मधे समुद्र आणि भोवती जमीन, दक्षिणेला मधे जमीन आणि भोवती मोकळा समुद्र, त्यामुळं दक्षिणेचा बहुतेक बर्फ दर उन्हाळ्यात जातोच, जुना व्हायला फारसा राहत नाही. दोन्हीकडचं गणित एक नाही. एकाचा आकडा दुसऱ्याच्या खात्यात टाकणारा माणूस दिसला की त्याच्या नादी लागू नका.

हवामान, परभणी
१३ ऑक्टोबर

उशीर झाला, माफ करा. विद्यापीठाच्या शिवारातही पाणी होतं, दोन दिवस तेच चाललं होतं.

सीनाकाठ दादा, 'वाटा किती' याचं आकड्यात उत्तर कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला जे ठाम सांगता येतं तेवढं सांगते.

गोव्याला आपलं राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असावा, असं त्यांना दिसलं. रस्ता असा: बर्फ नसला की समुद्राची उष्णता हवेत जाते, त्यानं वरच्या थरातले वारे बदलतात, युरोपकडून आशियाकडं एक लाट सरकत येते आणि आपल्यावरची हवा वर उचलायला मदत करते. त्या वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्प तो पुरवतो. 'संबंध असावा' हे त्यांचेच शब्द समजा, त्यांनी शीर्षकातच 'शक्य' म्हटलंय. यंदाच्या तुमच्या रात्रीवर तो शिक्का मारता येत नाही. जवळचं, खात्रीचं कारण म्हणजे हवा जितकी गरम तितकं ती जास्त बाष्प धरते, अंशामागे साधारण सात टक्के, आणि बरसते तेव्हा सगळं एकदम टाकते.

लांबच्या बर्फाचा आपल्या पावसाशी धागा शोधणं नवीन नाही. १८८४ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड या हवामान खात्याच्या पहिल्या प्रमुखानं हिमालयातलं हिम आणि भारतातला दुष्काळ यांची सांगड घातली होती. आज आपले लोक थेट ध्रुवाजवळ बसून मोजतात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर आपलं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून आहे, आणि २०१४ पासून तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत, पाण्याखाली आपली यंत्रं सोडलीत. त्यामागं मान्सून हेच मोठं कारण आहे.

पण दादा, पाऊस किती पडला हा हवामानाचा प्रश्न. तो तुमच्या रानात का शिरला, यात ओढा, पात्र, बांधकाम सगळं येतं. पहिल्याचं नाव सांगून दुसऱ्याची जबाबदारी जात नाही. हे तुम्ही माझ्या आधी लिहिलंय, मी फक्त सही करते.

बर्फवाले काका, तुमच्या 'प्लास्टिक कुणी ओढलं'वर एक हिशेब. २०१६ मध्ये डर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की उत्तर ध्रुवावरचा सप्टेंबरातला बर्फ सरासरी तीन चौरस मीटरनं कमी होतो. एक लिटर डिझेल जाळलं तर साधारण २.७ किलो वायू निघतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या पावणेचारशे लिटरला एका मोठ्या बाजेएवढा तुकडा.

गोलाईचा बर्फवाला, लातूर
१४ ऑक्टोबर

ताई, तुमच्या हिशेबानं माझी संध्याकाळ खाल्ली.

पुतणीला घेऊन बसलो. सीझन शंभर दिवसांचा, दिवसाला दहा टन बर्फ. माझी मशिनरी जुनी, टनाला साठेक युनिट ओढते. म्हणजे साठ हजार युनिट. एका युनिटमागं पाऊण किलोच्या आत वायू धरा, तिनं ०.७२ धरला. झाले त्रेचाळीस टन. गुणिले तीन, म्हणजे एकशे तीस चौरस मीटर. मला मीटर कळत नाही म्हणून तिनं फुटात करून दिलं, चौदाशे स्क्वेअर फूट. आमचा घराचा प्लॉट तीस बाय चाळीस आहे. त्याच्याहून मोठा तुकडा दर उन्हाळ्याला मी एकटा उडवतोय, आणि तो कशासाठी, तर बर्फ करायला!

मी म्हटलं, पण आपण हजार टन करतो. दीड मीटर जाडीनं बघितलं तर तिकडं जातो पावणेदोनशे टन. फायद्यातच की. ती म्हणाली, काका, आपला हजार टन त्याच दिवशी संध्याकाळी गटारीत जातो. पोरीला वकील करावं काय असं वाटायलंय.

कंप्रेसर बदलायचं दोन वर्षं चाललंय, नव्यात युनिट कमी लागतात. बँकेचं बघतो. छतावर सोलरचंही एकाकडून कोटेशन आलंय, पण अमोनियाच्या मोटरीला सुरुवातीला जो झटका लागतो तो त्याला झेपंल का ते कुणी सांगत नाही. इथं कुणी बर्फ कारखान्यावर सोलर लावलं असंल तर कळवा.

जावईबापूंना तिन्ही उत्तरं पाठवली. काल रात्री त्यांचा अंगठा आला, नुसता अंगठा. आज सकाळी दुसरा मेसेज आलाय, हिमालयातल्या हिमनद्या वाढल्याचा. मास्तर, पुढच्या रविवारी मोकळे आहात का?

मिस्त्री, त्या भाकरीसारख्या चकत्यांचा फोटो असंल तर टाका, पुतणीला पाहिजे. फुलांचा असला तर तोही.

सीनाकाठ, आमच्या एका मासळीवाल्याचा मेव्हणा भूमजवळ असतो, त्याचं रान उंचावर, कडबा वाचलाय. दोनेकशे पेंढ्या द्यायला तयार आहे, पैसे मी बघतो. माझा टेम्पो सध्या रिकामाच उभा आहे. गावापर्यंत रस्ता झालाय का, का अजून पुलाच्या अलीकडं उतरवायचं, तेवढं खासगीत कळवा.

सीनाकाठ, परंडा तालुका
१४ ऑक्टोबर, रात्री

पुलाच्या अलीकडंच उतरवा, भराव खचलाय. तिथनं बैलगाडी लावतो. सकाळी नऊच्या आत या, नंतर पुलावर जेसीबी असतं.